यंदा स्काऊट कोणाकडे?

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. उघडल्या की पहिल्या दोन-चार दिवसांत शिक्षकांची बैठक होते आणि वर्षभराच्या कामांची वाटणी होते. वेळापत्रक एकाकडे, पोषण आहार दुसऱ्याकडे, परीक्षा तिसऱ्याकडे, ऑनलाइन माहिती ज्याला कॉम्प्युटर जमतो त्याच्याकडे. यादीच्या तळाशी, हरित सेना आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांच्या शेजारी, एक ओळ उरते. मुख्याध्यापक मान वर करून विचारतात, "यंदा स्काऊट कोणाकडे?" सगळे हातातल्या कागदात डोकं घालतात. मग सर्वांची नजर नुकत्याच रुजू झालेल्या तरुण शिक्षकाकडे वळते. तो स्काऊट मास्तर होतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक स्काऊट पथकांची सुरुवात अशीच होते. जगभर ज्या कामाला स्वखुशीचं काम म्हणतात, ते आपल्याकडे वाटणीत आलेलं असतं. पथकाच्या रोजच्या अडचणींचं मूळ मुलांच्या खोडकरपणात किंवा पैशाच्या चणचणीत शोधलं जातं. मला ते या पहिल्या बैठकीत दिसतं.

उदाहरणादाखल डोणगाव घ्या. हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातलं, जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचं गाव. समृद्धी महामार्गही जवळूनच गेला आहे. पूर्वेकडे थोडं गेलं की वाशिम जिल्हा लागतो. अशा रस्त्यावरच्या गावांत बरेच शिक्षक मुक्कामी राहत नाहीत. मेहकरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी घर असतं आणि तिथून ते अपडाऊन करतात. शाळा सुटते आणि त्याच सुमारास एसटी येते. स्काऊटिंगला मात्र हवा असतो तो नेमका शाळा सुटल्यानंतरचा तासभर आणि शनिवार-रविवार. हा तास आणि ही एसटी यांचं भांडण कोणत्याच परिपत्रकात नसतं, पण पथक चालणार की फक्त नोंदवहीत राहणार हे पुष्कळदा त्यावरच ठरतं.

मूळची गोष्ट उलटी होती. ऑगस्ट १९०७मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली मुलं होती, तशीच पूल आणि बोर्नमथमधल्या कामकऱ्यांच्या घरांतलीही. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला एक थोरला मुलगा नायक दिला. पुढच्या जानेवारीपासून 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक पंधरवड्याला एक अशा सहा भागांत, चार-चार पेन्यांना विकायला आलं. बेडन-पॉवेल यांची अपेक्षा अशी, की मुलांच्या ज्या संघटना आधीच आहेत त्या यातलं काही उचलतील. झालं भलतंच. मुलांनी ते अंक स्वतः वाचले, आपापल्या गल्लीत संघ केले, लाठी म्हणून झाडूचे दांडे घेतले आणि मग आपल्याला सांभाळून घेईल असा कोणी मोठा माणूस शोधायला ती बाहेर पडली. पहिले कित्येक स्काऊट मास्तर मुलांनी हुडकून आणलेले होते.

पुढे पहिलं महायुद्ध संपल्यावर बेडन-पॉवेल यांनी स्काऊट मास्तरांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा, की या माणसानं शाळेचा मास्तर होऊ नये आणि फौजेचा अधिकारीही होऊ नये. मुलांबरोबर थोरल्या भावासारखं असावं. मग आपण या कामावर नेमका शाळेचा मास्तर कसा काय बसवला?

त्याला इतिहास आहे. १९०९मध्ये बंगळूरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी देशातलं पहिलं पथक काढलं ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना तिथे प्रवेश नव्हता. तेव्हा ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला भारतीय मुलांची संघटना उभी केली, तर उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची. सेवा समितीचं नातं जत्रा-मेळ्यांशी होतं: हरवलेली म्हातारी माणसं शोधणं, गर्दीत वाट करून देणं, पाणी देणं. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झाली. गाईडच्या मुली १५ ऑगस्ट १९५१ला त्यात आल्या. गावोगाव पोचायचं तर शाळेखेरीज दुसरी इमारत नव्हती, मैदान नव्हतं, मुलांची यादी नव्हती. संघटनेच्या नियमांत शाळेबाहेरच्या मुक्त पथकांची सोय आहे, पण आपल्या खेड्यांत पथक म्हणजे शाळेचंच. वर जिल्ह्याचं आयुक्तपदही बहुधा शिक्षणाधिकाऱ्यांकडेच असतं. त्यामुळे स्काऊटचं पत्र येतं ते कार्यालयीन आदेशाच्या आवाजात.

यात सगळं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये आज स्काऊट पथकात जायला इच्छुक मुलांची प्रतीक्षायादी लाखाच्या घरात आहे, कारण मुलं आहेत आणि वेळ देणारी मोठी माणसं नाहीत. सगळं स्वखुशीवर सोडलं की ज्या वस्तीत फुरसत असलेले पालक, त्या वस्तीत पथक. शाळेमुळे आपल्याकडे शेतमजुराचं पोरही स्कार्फ बांधून रांगेत उभं राहतं. दुसऱ्या टोकाला इंडोनेशिया आहे. तिथे स्काऊटिंगला 'प्रामुका' म्हणतात. २०१३च्या अभ्यासक्रमानं ते शाळांत सक्तीचं झालं, जगातली सर्वांत मोठी सदस्यसंख्या तिथलीच. २०२४मध्ये मात्र मुलांचा सहभाग पुन्हा ऐच्छिक करण्यात आला. आपण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहोत. मुलांना फारशी सक्ती नाही, मास्तरांना आहे.

सक्तीचा एक नमुना अलीकडे राज्यभर पाहायला मिळाला. मोफत गणवेश योजनेत सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेश मिळतात. त्यातला एक स्काऊट-गाईडचा असेल असं ठरलं. आठवड्यातले तीन दिवस नेहमीचा, तीन दिवस हा. कापड वरून येणार आणि शिलाई शाळा व्यवस्थापन समितीनं करून घ्यायची, एका गणवेशामागे शंभर रुपये शिलाई आणि वर दहा रुपये अनुषंगिक खर्च. या दरात कापून शिवून देणारा शिंपी कुठे मिळतो ते शासनालाच ठाऊक. कुठे कापड उशिरा आलं, कुठे मापं चुकली, आणि २०२४च्या डिसेंबरात केंद्रीय पद्धत गुंडाळून गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. लाखो मुलं काही काळ स्काऊटच्या वेशात शाळेत आली. त्यांतल्या किती शाळांत संघ पाडले होते, गाठी शिकवणारं कोणी होतं, हा प्रश्न कापडाच्या चर्चेत निघालाच नाही. पथकाला सगळ्यात शेवटी लागते ती गोष्ट आपण सगळ्यात आधी वाटली.

सगळ्यात आधी लागतो तो माणूस. त्या माणसाचं वर्ष कसं जातं ते पाहू.

जुलै नोंदणीत आणि नूतनीकरणात जातो. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाचं संचलन. पथकाची गावाला दिसणारी एकमेव बाजू तीच, त्यामुळे त्याची तालीम मन लावून होते. सप्टेंबरात घटक चाचणी. मग सोयाबीन सोंगणीला येतं. मेहकर पट्ट्यात सोयाबीन, तूर आणि कपाशी हीच शेती; सोंगणीच्या दिवसांत सातवी-आठवीचं पोरगं म्हणजे घरचा एक गडी. वडील शाळेच्या फाटकाशी येऊन सांगतात, "सर, पोराले चार दिस पाठवत नाही." यावर सरांकडे उत्तर नसतं, आणि असूही नये. त्यानंतर दिवाळी. खरं काम होऊ शकतं ते नोव्हेंबर अखेर ते जानेवारी. थंडी असते, शेत मोकळं झालेलं असतं, नदी-नाल्याला थोडं पाणी असतं. नेमक्या याच महिन्यांत स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन आणि सहल येते. फेब्रुवारीत बावीस तारखेचा चिंतन दिन – बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही जन्मदिवस – साजरा केला की दहावीची परीक्षा दाराशी. मार्चनंतर ऊन, आणि उन्हाळ्यात तर पाण्याचेच वांधे.

त्यात निवडणूक लागली की शिक्षक त्या कामावर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नं शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामं देता येतात. पण मतदारयाद्यांचं काम या तिसऱ्या खिडकीतून वर्षभर आत येत राहतं. 'आजच्या आज माहिती सादर करा' हा संदेश दुपारी दोनला आला, की तीनची स्काऊटची तासिका गेली म्हणून समजावं.

पायऱ्यांचं गणितही घट्ट आहे. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक टप्प्यात ठरावीक महिने काढावेच लागतात, त्यामुळे तृतीय सोपान गाठेपर्यंत दोन वर्षं सहज जातात. खेड्यात पुष्कळ मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवीला हायस्कुलात येतात. तिथे सुरुवातीपासून धरलं तर राज्य पुरस्काराच्या चाचणीपर्यंत पोचताना दहावीचं वर्ष उजाडतं. दहावीला सवलतीचे गुण मिळतात हे कळल्यावर पालक धावत येतात, तेव्हा मागची दोन वर्षं कुठून आणायची? तारखा मागे टाकून वह्या भरण्याचा मोह इथे होतो. ज्या मुलाला सत्यनिष्ठेचा नियम पाठ करायला लावला, त्याच्याच वहीत खोटी तारीख टाकायची! मुलाला ते कळतं. मुलांना असल्या गोष्टी फार लवकर कळतात.

पैशाबद्दल थोडक्यात. तंबू महाग, दोर महाग, प्रथमोपचाराची पेटी दरवर्षी भरावी लागते आणि जिल्हा मेळाव्याला जायचं तर गाडीभाडं. पुष्कळदा हे भाडं मास्तरांच्या खिशातून जातं आणि त्याची पावती नसते. यावर संघटनेनं दिलेला उपाय म्हणजे खरी कमाई. हा महाराष्ट्रातल्या पथकांचा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत बिघडलेला उपक्रम.

कल्पना साधी आहे. मुलांनी अंगमेहनतीनं चार पैसे मिळवावेत आणि त्यातून पथकाचा खर्च भागवावा. ब्रिटनमध्ये १९४९पासून 'बॉब-अ-जॉब' नावाचा आठवडा असे. पोरं दारोदार जाऊन एका शिलिंगला पडेल ते काम करत. आपल्याकडच्या खरी कमाईत आज शाळेच्या पटांगणात टेबलं मांडतात. भेळ, पाणीपुरी, समोसे, गुलाबजाम. फीत कापायला पाहुणे येतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. भेळेचं सामान वडिलांनी आणलेलं असतं, समोसे आईनं पहाटे उठून तळलेले असतात आणि विकत घेणारीही बहुतेक तीच मुलं, घरून आणलेल्या पैशांनी. यात कमाई आईची आणि खरेपणा कोणाचाच नाही.

शहरी पुस्तकांत न सापडणारा एक पेच इथे आहे. डोणगावच्या बाजूच्या शेतमजुराच्या मुलाला मेहनतीनं पैसे मिळवणं नवं नाही. सोंगणीच्या हंगामात त्यानं ते केलेलं असतं, आणि ते शिक्षणाचं नसून गरजेचं असतं. त्याला पुन्हा कष्टाचं महत्त्व सांगायला जाणं म्हणजे मास्तरांनी आपलंच हसं करून घेणं. त्याला आजवर न मिळालेली गोष्ट वेगळी आहे. मिळालेल्या पैशाचं काय करायचं हे आठ जणांनी बसून ठरवणं, जमाखर्च लिहिणं, तो सर्वांसमोर वाचून दाखवणं आणि पाच रुपये कमी भरले तर ते कुठे गेले याचा छडा लावणं, हे त्यानं कधी केलेलं नसतं. एका संघानं किराणा दुकानदाराची रद्दी बांधून दिली, दुसऱ्यानं मास्तरांच्या आणि तलाठ्यांच्या मोटारसायकली धुतल्या, तिसऱ्यानं शाळेच्या बागेतला कढीपत्ता विकला, तर टेबलं-फीत-पाहुणे यांच्याविना अधिक काही साधतं. शेतावरची मजुरी आणि ही कमाई यांत गल्लत होऊ न देणं हे मात्र मोठ्यांचं काम.

आठ जणांचा उल्लेख आला. पथकाचा सगळा जीव त्या आकड्यात आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, अशा चार संघांचं बत्तीस मुलांचं पथक, आणि संघनायक मास्तरांबरोबर बसतात ती मानसभा. हे कागदावर प्रत्येक पथकात असतं. प्रत्यक्षात संघनायक म्हणजे वर्गाचा मॉनिटर होतो. मास्तर पहिल्या नंबरच्या मुलाला नायक करतात, तो बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो आणि बाकीचे त्याच्यावर खार खातात. सगळ्या सूचना मास्तर देतात, सगळ्या गाठी मास्तर शिकवतात, तंबूची प्रत्येक खुंटी मास्तर तपासतात. घसा बसतो, एसटी चुकते, आणि चौथ्या महिन्यात त्यांना वाटू लागतं की हे एका माणसाचं काम नाही.

ते एका माणसाचं नाहीच. रोलंड फिलिप्स नावाच्या तरुण इंग्रजानं १९१४मध्ये संघपद्धतीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्त्यांत तो पथकं चालवत असे. त्याच वर्षी युद्ध पेटलं आणि तरुण स्काऊट मास्तर मोठ्या संख्येनं आघाडीवर गेले. फिलिप्स स्वतः जुलै १९१६मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला. मास्तर गेलेली कित्येक पथकं बंद पडली नाहीत, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या संघनायकांनी ती चालवली. ज्या पथकांत संघ खरोखर काम करत होते तीच तगली, हे उघड आहे. निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेल्या आपल्या मास्तरांनी फिलिप्सची आठवण ठेवावी.

करायचं कसं? जुना, अनुभवी सल्ला असा, की पहिल्या दिवशी बत्तीस मुलं घेऊच नयेत. सहा-आठ घ्यावीत, त्यांच्याबरोबर दोन-तीन महिने काम करावं, मग त्यातलेच नायक आणि उपनायक करून बाकीच्यांना आत घ्यावं. शाळेला हे पटत नाही. शाळेला १५ ऑगस्टला रांग लांब दिसायला हवी असते. पण मुख्याध्यापकांना एवढं पटवता आलं तर पुढचं निम्मं ओझं उतरतं, कारण गाठ शिकवणारा एक राहत नाही, चार होतात. पहिल्या नंबरचा मुलगा नायक म्हणून क्वचितच चालतो. मैदानात पोरं कोणाच्या मागे धावतात ते आठवडाभर पाहावं. तो बहुधा मागच्या बाकावरचा असतो.

संघ कसे पाडायचे हाही नाजूक मामला आहे. जुना स्काऊटी विचार सांगतो की मुलांच्या आपसूक जमलेल्या टोळ्या तशाच ठेवाव्यात. आपल्या गावात तसं करून चालत नाही. इथे टोळी गल्लीची असते आणि गल्ली पुष्कळदा जातीची. टोळ्या तशाच ठेवल्या तर चार संघ म्हणजे गावाचे चार मोहल्ले होतात. मिसळले तर सुरुवातीला कुरबुर होते, आणि ती शिबिराच्या चुलीपाशी फुटते: कणीक कोण मळणार, पाणी कोण भरणार, कोणाच्या डब्यातलं कोण खाणार. मास्तरांचा कस इथे लागतो. त्या क्षणी भाषण देऊन उपयोग नसतो. पाळीचा तक्ता आदल्या दिवशीच मानसभेत मुलांच्या हातून लिहून घेतलेला असला तर पुष्कळ काही न बोलता पार पडतं.

मुलींच्या पथकाची अडचण वेगळी. गाईडला कॅप्टन बाईच हवी. खेड्यातल्या शाळेत शिक्षिका मोजक्याच, त्यातल्या अपडाऊन करणाऱ्या जास्त, आणि त्यांची वाट पाहणारं घर पुरुष शिक्षकाच्या घरापेक्षा कमी दयाळू. मुक्कामी मेळाव्याला मुलगी पाठवायची का, यावर आईचं उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम सोबत असतील तर." म्हणजे एका मॅडमच्या होकारावर वीस मुलींचं शिबिर अवलंबून. त्या मॅडमना त्या दिवसांची बदली रजा मिळेल का, त्यांच्या लहान मुलाकडे कोण पाहील, हे प्रश्न पथकाचे आहेत, त्यांचे खासगी नव्हेत. हे शाळेनं मानलं तरच गाईड पथक टिकतं.

सुरक्षिततेचा विषय आपण गाडी आणि पाणी इथवरच नेतो, आणि त्याला कारण आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले सहलीचे विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि मुलांना कुठे न्यायचं म्हटलं की मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या. म्हणून पथकं गावातच फिरतात. डोणगावहून लोणारचं सरोवर काही लांब नाही, पण तिथे जायचे कागद जमवायला जितका वेळ लागतो तितक्यात पायी जाऊन येता येईल. मात्र धोक्याची दुसरी बाजू आपण उघडपणे बोलत नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट संघटनेनं फेब्रुवारी २०२०मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण होतं जुन्या लैंगिक अत्याचारांचे दावे, आणि पुढे त्यांची संख्या ऐंशी हजारांच्या वर गेली. त्या संघटनेत आणि जगभरात आता साधा नियम आहे: मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीही नसावा, निदान दोघे असावेत. आपल्याकडे २०१२चा पॉक्सो कायदा आहे, पण पथकाला माणूसच एक असेल तर हा नियम पाळायचा कोणी? दुसरा मोठा माणूस ही सोय नाही, अट आहे. तो शाळेत मिळत नसेल तर गावात शोधावा लागेल.

या जिल्ह्यात माणसं मिळत नाहीत असं कोणी म्हणू नये. शेगावला गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीनं येतात, चपला सांभाळतात, ताटं उचलतात, रांग लावतात आणि बदल्यात काही घेत नाहीत. मेहकर तालुक्यातच हिवरा आश्रम आहे. शुकदास महाराजांनी उभारलेल्या तिथल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीला प्रचंड पंगत बसते; पुऱ्या आणि भाजी ट्रॅक्टरमधून फिरवून स्वयंसेवक वाढतात. एवढं शिस्तीचं, बिनपगारी काम ज्या पंचक्रोशीत होतं, तिथल्या शाळेच्या पथकाला दुसरा माणूस मिळू नये, याचा अर्थ मागायला कोणी गेलंच नाही. फाटकाच्या आतलं ते सरांचं, असं गावही धरून चालतं आणि सरही.

शेगावच्या संस्थानाची माणसं मिळवायची रीत पाहण्यासारखी आहे. तिथे कोणी 'वर्षभर जबाबदारी घ्या' असं म्हणत नाही. अमुक दिवस, अमुक जागा, अमुक काम, मग घरी जा. पथकानंही तसंच मागावं. 'पथकाला सहकार्य करा' या विनंतीला कोणी येत नाही. 'येत्या शनिवारी चार वाजता तासभर या आणि पोरांना रोडगे भाजायला शिकवा' म्हटलं, तर घरात बसलेले आजोबा धोतर सावरत येतील. स्काऊटच्या चाचण्यांत बिनभांड्याचा स्वयंपाक असतो. पथकं त्यासाठी पुस्तकातून बटाटे भाजायला शिकतात, आणि इथे अख्ख्या वऱ्हाडात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे आणि पळसाच्या पानांत पानगे होतात! गाठींचंही तेच. ज्याच्या घरी बैल आहेत त्या पोराला कासरा आणि दावं कसं बांधायचं ते ठाऊक असतं. गाडीवर कडबा आवळून बांधणाऱ्या माणसाला पुस्तकातल्या निम्म्या गाठी नावं माहीत नसताना येतात. साप ओळखायला गावातला सर्पमित्र, जखम बांधायला आशाताई किंवा आरोग्य केंद्रातली सिस्टर. मास्तरांनी फक्त हजेरी घ्यावी आणि बाजूला बसावं. अपडाऊनवाल्या मास्तरांना तर यात दुहेरी लाभ आहे. गावात आपलं म्हणणारी माणसं होतात.

माजी सैनिकांचं नाव हमखास पुढे येतं. बुलढाणा जिल्ह्यातून फौजेत आणि निमलष्करी दलांत गेलेले पुष्कळ आहेत. पुलवामात २०१९ला धारातीर्थी पडलेल्या जवानांत या जिल्ह्यातले दोघे होते. जून २०२५मध्ये शिक्षणमंत्र्यांनी अडीच लाख माजी सैनिकांच्या मदतीनं शाळांत प्राथमिक लष्करी शिक्षण देण्याची घोषणाही केली. फौजी माणूस पथकाला चांगला, वेळ पाळणारा, भीती नसलेला. पण त्याला कवायत येते म्हणून पथकाची कवायतच होऊन बसते. बेडन-पॉवेल स्वतः सेनापती होते, तरी कवायतीचा अतिरेक त्यांना नको होता. फौजीला नकाशा, होकायंत्र, तंबू आणि रात्रीची वाट द्यावी, 'सावधान-विश्राम' मुलांवर सोडावं.

उरते ती बदली. मास्तरांचा जीव रमतो न रमतो तोच बदलीचा आदेश येतो, किंवा संस्था त्यांना दुसऱ्या शाखेत पाठवते. नव्या मास्तरांच्या हाती कपाटाची किल्ली येते. आत चार मळके स्कार्फ, गुंतलेले दोर आणि मागच्या मेळाव्याचं प्रमाणपत्र. हे टाळायला दोनच गोष्टी पुरतात. एक, मानसभेची वही, मुलांच्याच अक्षरात, ज्यात कोण कोणत्या सोपानावर आहे, कोणाकडे किती पैसे आहेत आणि गावातल्या कोणाला काय येतं हे लिहिलेलं असेल. दुसरी, पथकातून बाहेर पडलेली मुलं. नियमांत त्यांच्यासाठी रोव्हर-रेंजर ही शाखा आहे, पंचविशीपर्यंत चालणारी. खेड्यात ती सहसा नसते, कारण बारावीनंतर पोरं पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात. जी राहतात त्यांतली बरीच पहाटे पाचला महामार्गाच्या कडेनं धावताना दिसतात. पोलीस भरती नाहीतर अग्निवीर. दोन-तीन वर्षं ती अशी धावत असतात, आणि सकाळी सातनंतर त्यांच्याकडे बराच वेळ मोकळा असतो. त्यांतलं एखादं पोरगं कधीकाळी याच शाळेच्या पथकात नायक होतं. सहायक स्काऊट मास्तर म्हणून त्याचं नाव मूलभूत प्रशिक्षणाला पाठवता येतं. फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही लागते. जूनच्या त्या बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारलं, की नव्या शिक्षकानं मान वर करून आपल्याबरोबर हे दुसरं नावही सांगावं.